लोणी काळभोरच्या पुढे पस्तीस दिवस

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांचं पुण्याला जाणंयेणं काही नवं नाही. कुणाची मुलगी तिकडे दिलेली असते, कुणाचा मुलगा हिंजवडीत असतो. मी स्वतः आठ वर्षं पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचं पुण्यातलं काम माझ्या गळ्यात पडतं. गेल्या वर्षी जानेवारीत असंच एक काम पडलं. काकाला घेऊन जायचं होतं. दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांना काकूने सांगितलं, ‘गुडघे दाखवायला नेतायत.’ गुडघे ठणठणीत होते.

पुढचं लिहिण्याआधी सांगतो, हा लेख काकाने आधी वाचलेला आहे. त्याने दोन ओळी खोडल्या आणि एका ठिकाणी समासात लिहिलं, ‘एकदा नाही, दोनदा पडलो होतो.’ त्या केंद्रातल्या इतर माणसांच्या ओळखी मी बदलल्या आहेत आणि केंद्राचं नावही देत नाही. तिथल्या माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे, की इथे ऐकलेलं इथेच राहील. त्यातलं जेवढं बाहेर आणायला परवानगी मिळाली तेवढंच इथे आहे.

काका जायला तयार झाला तो डिसेंबरच्या अखेरीस, आणि लगेच म्हणाला, ‘उत्तरायण होऊ दे, मग जाऊ.’ उत्तरायण म्हणजे बडोद्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. गच्च्या, पतंग, उंधियू, आणि पाण्याच्या टाकीमागे ज्याला जे हवं ते. काकू फक्त एवढंच म्हणाली, ‘गेल्या वर्षीपण असंच म्हणाला होतात.’ दुसऱ्या दिवशी मी तिकिटं काढली.

प्रवासात आम्ही एक मोठी चूक केली, आणि ती मी मुद्दाम सविस्तर लिहितो. काकाने निघायच्या आदल्या रात्रीच जाहीर केलं, की आता थेंब नाही, स्वच्छ होऊन जाणार. आम्ही सगळे भारावून गेलो. काकूने देवापुढे दिवा लावला. मला वाटलं, चला, अर्धं काम झालं. पुढच्या रात्री गाडीत बसलो. भरूच येईपर्यंत काकाचे हात कापायला लागले होते, सुरतेला चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरवेना. जानेवारीच्या थंडीत बनियन घामाने ओलं. रात्रभर तो वरच्या बर्थकडे बघत होता आणि मधेच विचारत होता, ‘वर कोण बसलंय?’ वर कुणी नव्हतं.

केंद्रात पोचल्यावर नाव-गाव विचारायच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘शेवटची कधी घेतली?’ मी जरा अभिमानानेच सांगितलं, ‘छत्तीस तास झाले, एकदम बंद केलीय.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक थांबवली तर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते, आणि दोनतीन दिवसांत भ्रम, ताप, वाढलेले ठोके अशी अवस्था येऊ शकते, ज्यात वेळेवर उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. आम्ही ज्याला निग्रह समजत होतो त्याच्या भरात माणसाला रात्रभर गाडीतून आणलं होतं, आणि वाटेत काही झालं असतं तर पुढचं मोठं स्टेशन किती लांब आहे हेही मला माहीत नव्हतं. घरातून कुणाला असं न्यायची वेळ आली तर आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवा. बंद करायची तीही त्यांच्या देखरेखीखाली.

केंद्र पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर. हडपसर मागे पडलं, लोणी काळभोर गेलं, की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला कंपाउंडची भिंत, आत दोन मजली साधी इमारत, एक कडुनिंब, एक हातपंप आणि दोरीवर ओळीने वाळत घातलेले पंचवीस-तीस एकसारखे टॉवेल. ऊसतोडीचा हंगाम होता. रात्रभर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. काका नंतर म्हणाला, की पहिल्या आठवड्यात झोप नसायची तेव्हा तो ट्रॉल्या मोजायचा. मला ते ऐकून गंमत वाटली, कारण ऊस कारखान्यात गेला की साखरेबरोबर मळी निघते, मळीपासून स्पिरिट, आणि आपल्याकडे व्हिस्की-रम म्हणून विकलं जातं त्यातलं बरंचसं याच स्पिरिटपासून बनतं. म्हणजे काका रात्रभर आपलाच कच्चा माल मोजत होता.

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटलं की लोक मुक्तांगणचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली येरवड्याला ते सुरू केलं, आणि मराठी घरांना दारूबद्दल आजार म्हणून बोलायला शिकवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आमचं केंद्र त्या मानाने अगदी लहान. पण तिथेही पस्तीस दिवसांचाच मुक्काम होता, आणि पहिले सहासात दिवस औषधांचे. हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, भरपूर पाणी, झोप. त्यानंतर माणूस ‘वर्गात’ बसतो.

त्या वर्गाबद्दल मला खरं लिहायचंय. मला वाटलं होतं, की उपचार म्हणजे बंद दाराआड डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात काहीतरी होत असेल. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग एका लांबट खोलीत जायचा. खाली दोन सतरंज्या, समोर खडूचा फळा, भिंतीवर एक घड्याळ. सकाळी व्यायाम, प्रार्थना, झाडलोट, भांडी. मग साडेनऊला सगळे वर्गात. शिकवणारे ‘सर’ एकेकाळी एसटीत कंडक्टर होते आणि सोळा वर्षांपूर्वी अशाच एका सतरंजीवर बसले होते. रविवारी घरच्यांना मागे बसायची परवानगी असे. मी हडपसरलाच राहतो, त्यामुळे पाचही रविवार मला बसता आलं. काकू दोनदा आली, एकदा तिळगुळाचे लाडू आणि लिलो चिवडा घेऊन.

पहिल्या रविवारी फळ्यावर नुसतं गणित होतं. सरांनी विचारलं, ‘एक छोटा पेग म्हणजे किती दारू?’ कुणी म्हणालं तीस मिली. ‘ती बाटलीतली. त्यात अल्कोहोल किती?’ मग त्यांनी मांडलं. ३० मिली, आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के, म्हणजे जवळपास १३ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे १० ग्रॅम. मग बिअर. मोठी बाटली ६५० मिली. स्ट्राँग असेल तर ८ टक्के. म्हणजे ५२ मिली, वजनाने ४१ ग्रॅम. ‘किती पेग झाले?’ सांगलीकडचा एक शेतकरी तिसऱ्या ओळीत बसला होता. पहिल्या दिवसापासून तो सगळ्यांना सांगत होता, की मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो. तो बोटांवर मोजत म्हणाला, ‘चार.’ मग थोड्या वेळाने, ‘मी तीन बाटल्या घ्यायचो.’ सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा.

मग सरांनी सांगितलं, की यकृत तासाला साधारण एक छोटा पेग निपटवतं. लिंबू, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यांनी माणूस जागा होतो, रक्तातली दारू तेवढीच राहते. ‘आता ज्याने त्याने आपापला हिशेब करा.’

काका आयुष्यभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. आकडे त्याला आवडतात. मी मागून त्याची पाठ बघत होतो. रोज दोन क्वार्टर, म्हणजे ३६० मिली, म्हणजे बारा छोटे पेग. रात्री नऊला सुरुवात. नऊ अधिक बारा. त्याने वहीत ९ लिहिलं आणि त्यापुढे काहीतरी लिहून खोडलं. मग हात वर केला. वर्गात तो आपणहून बोलायची ती पहिलीच वेळ. तो म्हणाला, ‘सर, मी सकाळी सातला नातीला स्कूटरवर शाळेत सोडायचो. पुढे उभी करून.’

सर काही बोलले नाहीत. शेजारच्या माणसाने काकाच्या पाठीवर हात ठेवला. सगळी खोली गप्प होती आणि बाहेर एक ट्रॉली वळण घेत होती.

मला माहीत आहे, की आमच्या फॅमिली डॉक्टरांनी काकाला लिव्हरचे रिपोर्ट दाखवून दहा वर्षं सांगितलं होतं. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. चुलत बहिणीने तर रडून सांगितलं होतं. त्या सगळ्यांना काकाकडे उत्तर तयार असायचं. इथे कुणी त्याला काही सांगितलंच नव्हतं. बेरीज त्याने केली होती, आणि आजूबाजूच्या तीस जणांनी त्याच वेळी आपापली केली होती. उत्तर द्यायला समोर कुणी उभंच नव्हतं. (माझ्याही डोक्यात मागच्या शुक्रवारच्या टीम आउटिंगचा हिशेब झाला. तो इथे देत नाही.)

दुसऱ्या रविवारी मेंदू होता. हा भाग सरांनी ड्रायव्हरच्या भाषेत सांगितला. दारू मेंदूचा ब्रेक दाबते. रोज ब्रेक दाबलेला राहिला, की मेंदू गाडी चालू ठेवायला ॲक्सिलरेटर वाढवतो. मग तेवढ्याच दारूने काही होत नाही, जास्त लागते. यालाच आपण ‘त्याला चढत नाही, कपॅसिटी आहे’ असं कौतुकाने म्हणतो. आणि एक दिवस ब्रेकवरचा पाय एकदम काढला, की गाडी उधळते. हात कापणं, घाम, वरच्या बर्थवर बसलेलं कुणीतरी. काका वळला आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्या रात्री तो वेडा होत नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं. ती भीती त्याने आठवडाभर कुणाला सांगितली नव्हती.

मी इंजिनियर माणूस, मला मूळ कारण लागतं. चहाच्या वेळी मी सरांना गाठलं आणि विचारलं, काका मुळात का प्यायला लागला असेल? आजीच्या जाण्यामुळे, की प्रमोशन हुकल्यामुळे? सर म्हणाले, ‘सुरुवात कशाने झाली ते तुम्हाला सापडेलही. पण आता तो पितो ते पिण्यामुळेच. आधी ते थांबू द्या. कारण कुठे पळून जात नाही.’ मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या पाच आठवड्यांत कुणीही काकाला ‘का’ विचारलं नाही आणि तो आधीपेक्षा जास्त बोलायला लागला, एवढं मी पाहिलं.

तिसरा रविवार मला सगळ्यात जास्त आठवतो. सरांनी फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं, ‘माझं पिणं वेगळं आहे, कारण…’ आणि प्रत्येकाने ते पूर्ण करायचं. उत्तरं धडाधड आली. मी देशी घेत नाही. मी दुपारी घेत नाही. मी स्वतःच्या पैशाने घेतो. मी बायकोवर हात उचलत नाही. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, मी एकादशीला घेत नाही. फळा भरला. काकाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्याकडे बंदी आहे.’

खोलीत जो हशा उठला तो थांबेचना. कुणीतरी म्हणालं, ‘मग तुम्ही इथे काय करताय काका?’ काकाही हसत होता. मग सर म्हणाले, ‘सांगा की. बंदीत कसं पितात ते आम्हालापण कळू दे.’

आणि काकाने सांगितलं. मी त्याच घरात वाढलो, मला त्यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. गुजरात १९६० साली वेगळा झाला तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे. कायदा त्याही आधीचा, मुंबई राज्याचा १९४९ सालचा. आरोग्याच्या कारणासाठी परमिट मिळतं, पण काकाने ते कधी काढलं नाही, कारण परमिट काढलं की कागदावर नाव येतं. मग दमणची फेरी, नाहीतर कुणीतरी आणून देणारा. बाटली घरात ठेवणं म्हणजे गुन्हा, म्हणून आली की संपवायची. चार माणसांत बसून एक पेग घेऊन उठलोय असं त्याला आयुष्यात एकदाही आठवत नव्हतं. कायम एकटा, कायम गच्चीवर टाकीमागे, कायम घाईघाईत, कायम शेवटपर्यंत. एकदा आजारी असल्यासारखं वाटलं तरी तो डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टरने विचारलं असतं, आणि खरं सांगितलं तर ते पोलिसात सांगण्यासारखंच आहे असं त्याला वाटायचं. तो म्हणाला, ‘तुम्ही लोक दारुडे होतात. मी दारुडापण होतो आणि गुन्हेगारपण.’

बंदी असावी की नसावी हा वाद मी इथे काढत नाही. आपल्या मंडळात त्यावर दोन तट आहेत आणि दोघांकडे मुद्दे आहेत. मला एवढंच दिसलं, की बंदीमुळे आमच्या घराला एक सोय झाली होती. ‘आपल्याकडे हे नसतं’ असं म्हणायची. पुण्याच्या नातेवाइकांच्या पार्ट्यांवर बोलताना माझी आई हे वाक्य नेहमी वापरायची, आणि ते म्हणताना तिची नजर गच्चीच्या जिन्याकडे जाणार नाही याची आम्ही सगळे काळजी घ्यायचो. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी लोक आहेत असा अंदाज आहे. आणि ज्यांना दारूचं अवलंबित्व आहे अशा ३८ जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. आकडे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा त्या उरलेल्या १७९ जणांच्या घरातल्या ‘गुडघ्यांचा’ विचार आला.

त्याच दुपारी घरच्यांचा वेगळा वर्ग होता. तो एक ताई घ्यायच्या. सात-आठ बायका, दोन म्हातारे वडील आणि मी. ताईंनी सांगितलं, की गेल्या वर्षभरात त्याच्या पिण्याची झळ त्याला लागू नये म्हणून तुम्ही काय काय केलंत ते लिहा. मला वाटलं, माझं पान कोरं राहणार. मी तर पुण्यात असतो. मग आठवायला लागलं. त्याच्या कामावर फोन करून कावीळ झाल्याचं मीच सांगितलं होतं. दमणहून येताना पकडला गेला तेव्हा पैसे मीच पाठवले होते, आणि वडिलांना कळू दिलं नव्हतं. पडून हात मोडला तेव्हा ‘बाथरूममध्ये घसरला’ हे वाक्य माझंच. पान भरलं. मी घरातला समजूतदार मुलगा होतो, सगळे मलाच फोन करायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

काकू माझ्या शेजारी बसली होती. तिने एकच ओळ लिहिली होती आणि ती वाचायला तिला वेळ लागला. आठ महिने ती काकाच्या वरणात पावडर मिसळत होती. वर्तमानपत्रातली जाहिरात, ‘त्यांना न कळत दारू सोडवा’. दर महिन्याला पार्सल यायचं, शेजारणीच्या पत्त्यावर. खोलीतल्या आणखी तीन बायकांनी मान खाली घातली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असेल तर वर दारू पडल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असलेला माणूस त्यात जाऊ शकतो. ते औषध खरं आहे, डॉक्टर ते देतातही. पण माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीने. काकूने पदराने तोंड झाकलं. ती म्हणाली, ‘मग मी त्यांना मारायला निघाले होते का?’ ताई तिच्या शेजारी येऊन खाली बसल्या.

नंतर कडुनिंबाखालच्या बाकावर तिने ते काकाला सांगितलं. मी दोरीवरचे टॉवेल बघत लांब उभा राहिलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकाचा आवाज आला, ‘तरीच म्हटलं, वरण कडू का लागतंय. मला वाटलं तूर खराब.’ आणि दोघं हसायला लागली. त्यांना एकत्र हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं ते मोजवेना.

उरलेले दोन रविवार तलफ आणि घसरण यांचे होते. तलफ लाटेसारखी चढते आणि तिला काही दिलं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उतरते, हे घड्याळ लावून बघायचा अभ्यास. धोक्याच्या चार अवस्था, भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्या वेळी काय करायचं याची प्रत्येकाने स्वतःची यादी करायची. काकाच्या यादीत पहिला धोका ‘गच्ची’ होता आणि दुसरा ‘घरातलं लग्न’.

शेवटच्या दिवशी मी सरांना म्हणालो, या वर्गानेच खरं काम केलं. त्यांनी मला तिथल्या तिथे थांबवलं. म्हणाले, नुसत्या वर्गाने दारू सुटते असं समजू नका. फळ्यावरची माहिती माझ्यापेक्षा जास्त असलेले डॉक्टर, प्राध्यापक माझ्या सतरंजीवर बसून गेलेत आणि परत आलेत. औषधं आहेत, एकट्याचं समुपदेशन आहे, संध्याकाळच्या ए.ए.च्या सभा आहेत, घर आहे. वर्गात माणसाला शब्द मिळतात. ते वापरायचे की नाही हे घरी गेल्यावर कळतं.

घरी गेल्यावर ते कळलं, मे महिन्यात. आमच्याच घरातलं लग्न, बाहेरगावी. काका तीन महिने कोरडा होता. वरातीच्या रात्री तो अर्धा तास दिसला नाही, आणि मला काय ते कळलं. पूर्वी अशा वेळी मी त्याला शोधून, खोलीत झोपवून, सकाळी सगळ्यांना ‘ॲसिडिटी’ सांगितली असती. या वेळी मी काही केलं नाही. जागा राहिलो, तेवढंच. तो न करणं फार अवघड गेलं. सकाळी सहाला काकाने स्वतः दार वाजवलं. तोंड सुजलेलं. म्हणाला, ‘घसरलो. बाथरूममध्ये नाही.’ मग माझ्याच फोनवरून त्याने सरांना फोन लावला, आणि नाश्त्याच्या टेबलावर माझ्या वडिलांसमोर, व्याह्यांसमोर सांगितलं, की काल रात्री मी प्यायलो, मला दारूचा आजार आहे, मी आज दुपारच्या गाडीने परत जातो. व्याही घाईघाईने म्हणाले, ‘अहो, चालायचंच.’ काका म्हणाला, ‘नाही चालत.’

तो बडोद्याला परतला, डॉक्टरांना भेटला, औषध पुन्हा सुरू झालं. त्या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. तेव्हापासून घेतलेली नाही असं तो म्हणतो आणि मी मानतो. शेजाऱ्यांना काकूनेच सांगून टाकलं, की गुडघे नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांत आपल्याच दोन गल्ल्यांतून तीन बायका तिच्याकडे दुपारच्या येऊन गेल्या. एकीने तर आल्या आल्या गुडघ्यांबद्दलच विचारलं. काकू त्यांना आधी पावडर बंद करायला सांगते आणि मग १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून देते.

यंदाच्या उत्तरायणाला काका गच्चीवर गेला नाही. सूरसागरच्या कट्ट्यावर बसून पाण्यातल्या महादेवावरून जाणारे पतंग बघत होता, आणि नात त्याच्या हातात फिरकी देऊन शेंगदाण्याची चिक्की खात होती. टाकीमागच्या कोनाड्यात, जिथे पूर्वी बाटली असायची, तिथे आता प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याची वर्गातली वही आहे. पहिल्या पानावर ते खोडलेलं गणित तसंच ठेवलंय.

रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला त्याचा मला फोन येतो. माझी त्या वेळी बहुतेक मीटिंग असते, तरी मी उचलतो.

‘जेवलास का?’ तो विचारतो.

‘नाही अजून. तू?’

‘बसतोच आहे. आज वरण आहे.’